आतडी परत येतात, म्हणून काय झाले?

समुद्रकाकडीचा एक व्हिडिओ वर्षातून दोनदा तरी माझ्या फोनवर येऊन पडतो. पाठवणारे वेगळे, व्हिडिओ तोच. कोणीतरी हातात धरलेला लांबट, बुळबुळीत प्राणी मागच्या बाजूने आपली आतडी बाहेर टाकतो आणि खाली ओळ असते, 'हा प्राणी मरतच नाही!' मध्यंतरी एका शाळेत समुद्री जीवांवर बोलायला गेलो होतो. नववीतल्या एका मुलाने हीच गोष्ट पुढे नेली. "सर, आतडी नवीन येतात, तर मग समुद्र तापला काय, घाण झाला काय, तिला काय फरक पडतो?" मुलाने प्रश्न विचारला हे चांगलेच झाले. पण मागे उभ्या असलेल्या दोन शिक्षकांनी त्याला माना डोलावल्या, तेव्हा हे लिहायचे ठरवले.

आधी खरे तेवढे मान्य करतो. आतडी परत येतात. जिवावर बेतले की अनेक जाती आतडे, आणि बऱ्याचदा श्वसनाचे अवयवही, गुदद्वारातून बाहेर फेकतात; काही जाती तोंडाच्या बाजूने. पोर्तो रिकोमध्ये होझे गार्सिया-अरारास यांच्या प्रयोगशाळेने होलोथुरिया ग्लॅबेरिमा या जातीवर वर्षानुवर्षे काम केले आहे. आतडे ज्या पातळ पडद्याला टांगलेले असते, त्याच्या तुटक्या कडेला आधी पेशींची जाडसर दोरी तयार होते, मग ती पोकळ होत जाते आणि साधारण महिनाभरात नवी नळी उभी राहते. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी अपोस्टिकोपस जॅपोनिकस या जातीचा जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ३० हजार जनुके आहेत आणि आतडे नव्याने घडताना जागी होणारी काही जनुके एकाशेजारी एक, अनेक प्रतींमध्ये आहेत. कौतुक करायचे तर याचे जरूर करा.

पण त्या महिन्यात ती जगते कशावर? आतडे नाही म्हणजे खाणे नाही. अंगातला साठा जाळायचा, वजन घटवायचे आणि त्याच तुटपुंज्या शिदोरीतून नवा अवयवही घडवायचा. चोर मागे लागला म्हणून हातातली पिशवी टाकून पळालेल्या माणसाला आपण श्रीमंत म्हणतो का?

चीनच्या शांदोंग आणि लियाओनिंग प्रांतांत हीच अपोस्टिकोपस जॅपोनिकस जाती किनाऱ्यालगतच्या तळ्यांत पाळतात. तिथल्या पाळणाऱ्याला हा व्हिडिओ दाखवा, तो टाळ्या वाजवणार नाही. तळ्यात आतडी तरंगताना दिसली की त्याच्या पोटात गोळा येतो. व्हिब्रिओ स्प्लेंडिडससारखे जिवाणू ज्याला कारणीभूत असतात, त्या त्वचाव्रणाच्या रोगात प्राणी खाणे सोडतो, त्याचे तोंड सुजते, तो आतडी टाकतो, कातडीवर पांढरे चट्टे पडतात आणि शेवटी अंग विरघळून चिखल होतो. व्हिडिओत जो चमत्कार म्हणून खपतो, तो तळ्यावर आजाराचे लक्षण असतो. पुन्हा वाचा हवे तर.

आता उष्णता. ही जाती थंड पाण्यातली आहे. १० ते १८ अंश सेल्सिअसला ती चांगली वाढते. पाणी विशीच्या पुढे चढू लागले की मोठी काकडी खाणे थांबवते, तिचे आतडे बाहेर न टाकताच आतल्या आत सुकून बारीक होते आणि ती दगडाच्या कपारीत महिनोन्‌महिने पडून राहते. ही उन्हाळी झोप. "बघा, उन्हाळा झोपून काढते!" असेही मला सांगून झाले आहे. अहो, ती झोप नसून उपास आहे, आणि उपासाला मर्यादा असते. पाणी तिशीपलीकडे गेले की झोपही वाचवत नाही.

त्यात तिचा श्वास. समुद्रकाकडी गुदद्वारातून पाणी आत ओढते आणि आतल्या झाडासारख्या फांद्यांमधून प्राणवायू घेते. समुद्राचे पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेले की त्यात मावणारा प्राणवायू साधारण सहाव्या हिश्श्याने घटतो. वर जोराचा पाऊस पडला तर गोड पाणी वर तरंगते, खालचे खारे पाणी कोंडते, आणि काकडी असते नेमकी तळाशी. क्षारांचा तोल सांभाळायला तिच्याकडे आपल्यासारखे मूत्रपिंडही नाही. बाहेरचे पाणी जसे, तसे आतले. २०१८ च्या उन्हाळ्यात लियाओनिंगमध्ये उष्णतेची लाट आली आणि तळीच्या तळी मेली. नुकसान अब्जावधी युआनचे. नवीन आतडे आणणारी सगळी जनुके त्यातल्या प्रत्येक काकडीत होती.

हाच तर्क मासेमारीलाही लावतात: चिवट आहे, पकडा कितीही. पण पुढची पिढी जन्माला यायची तर नर आणि मादी आपापले शुक्राणू आणि अंडी पाण्यात सोडतात. जवळ जोडीदार नसेल तर ती वाया. ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीत वॉरियर रीफवर होलोथुरिया स्काब्राची बेसुमार पकड झाली आणि १९९८ मध्ये ती बंद करावी लागली. दशकभरानंतरही तिथला साठा पूर्ववत झाला नव्हता. एका प्राण्याचे आतडे महिन्यात येते, पण विरळ झालेली वस्ती तशी भरून येत नाही.

राहिलेले गैरसमज भराभर उरकतो. ती वनस्पती नाही. तारामासा आणि समुद्री साळिंदर यांची भावकी आहे. जळूही नाही, तमिळमध्ये तिला 'कडल अट्टै' म्हणजे समुद्रजळू म्हणत असले तरी. ती रक्त पीत नाही. कापली की दोन होतात, हे मोजक्या जातींतच आणि त्यांच्या सोयीने. सुरीने करून पाहू नये. 'नुसती वाळू खाते, कामाची नाही' असे म्हणणाऱ्यांसाठी: ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटाच्या प्रवाळावर ड्रोनने मोजणी करून २०२१ मध्ये मांडलेला अंदाज असा, की तिथल्या ३० लाखांवर समुद्रकाकड्या वर्षाला सुमारे ६४ हजार टन वाळू पोटात घालून बाहेर काढतात. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिआला संशोधकांनी प्रवाळाच्या तुकड्यांभोवतालच्या काकड्या उचलून पाहिल्या, तर प्रवाळ कितीतरी जास्त मेले. ते संशोधन २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आले आहे.

आणि कॅन्सरवरचे औषध म्हणून खपणाऱ्या समुद्रकाकडीच्या कॅप्सूल. तिच्यातले फ्रोंडोसाइड-ए हे द्रव्य काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशी मारते, उंदरांवरही तपासले गेले आहे. माणसाचा कॅन्सर त्याने बरा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. बशीतल्या पेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात. याच कुळातले होलोथुरिन रक्तातल्या लाल पेशीही फोडते. पॅसिफिक बेटांवर काही जातींचा रस डबक्यात पिळून मासे गुंगवत. बाटलीवर हे छापत नाहीत.

आपल्याकडे २००१ मध्ये सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आल्या, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मन्नारच्या आखातातून त्या सुकवून चोरट्या वाटेने परदेशी जातात आणि पकडल्या गेल्याच्या बातम्या येत राहतात. २०२० मध्ये लक्षद्वीपने चेरियापाणी इथे २३९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र त्यांच्यासाठी राखून ठेवले.

काही जाती कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही आढळतात. ओहोटीला डबक्यात दिसली तर बघा, फोटो काढा, पण हात लावू नका. आतडी टाकते का हे पाहायला काठीने डिवचू तर मुळीच नका, आणि तो व्हिडिओ मला पाठवू नका.