खोडदची विदा आणि डिस्कची आखणी

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) ही दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती चौकात एकवटल्या असून उरलेल्या १६ जुन्नर-आंबेगावच्या शिवारांत तीन भुजांवर विखुरल्या आहेत. त्यांचे संदेश प्रकाशतंतूंच्या केबलमधून खोडदला येतात आणि सहसंबंधक, म्हणजे दोन-दोन अँटेनांचे संदेश परस्परांशी गुणून त्यांची सरासरी काढणारी यंत्रणा, त्यांतून ४३५ जोड्यांची विदा तयार करते. निरीक्षणाची गेलेली वेळ पुन्हा येत नसल्यामुळे ही विदा जिच्यावर उतरते त्या डिस्कची आखणी हा दुर्बिणीइतकाच गंभीर विषय ठरतो.

उदाहरणादाखल ४३५ जोड्या आणि प्रत्येक अँटेनाची स्वतःची एक नोंद मिळून ४६५ नोंदी, २०४८ वारंवारता-पट्ट्या, दोन ध्रुवीकरणे आणि प्रत्येक मूल्यासाठी ८ बाइट असे धरल्यास एका वेळची नोंद सुमारे १५ एमबी भरते. दर ८ सेकंदांनी अशी एक नोंद घेतली तर तासाला जवळजवळ ७ जीबी विदा साठते. फॅट३२ या जुन्या फाइल-प्रणालीत फाइलचा आकार ३२ बिटांच्या रकान्यात लिहिला जात असल्याने एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपलीकडे वाढू शकत नाही, म्हणून हे निरीक्षण एकाच फाइलमध्ये लिहू गेल्यास साधारण ३७ मिनिटांतच अडते. दुकानातून आणलेली डिस्क फॅट३२मध्ये आखलेली असेल तर ती आहे तशी जोडून चालत नाही, आधी फॉरमॅट करावी लागते, त्याचे हे एक ठोस कारण आहे.

फॉरमॅट करणे म्हणजे डिस्क पुसणे, हा समज अपुरा आहे. गावाची जमीन न नांगरता तिचे गट पाडून सातबाऱ्याची दप्तरे तयार करावीत, तसे हे काम असते. लिनक्समधील एक्स्ट४ प्रणालीची आखणी करणारे एमकेई२एफएस हे साधन डिस्कचे प्रत्येकी ४०९६ बाइटांचे ठोकळे पाडते, त्यांतील ३२,७६८ ठोकळ्यांचा एक गट बांधते आणि कोणता ठोकळा मोकळा आहे हे सांगणारा बिटनकाशा तसेच फाइलची मालकी, आकार व जागा नोंदवणाऱ्या आयनोडांची कोष्टके मांडते. या सर्वांचे मूलपत्र म्हणजे महाखंड अर्थात सुपरब्लॉक होय. त्याच्या प्रती काही ठरावीक गटांच्या आरंभी ठेवल्या जात असल्यामुळे मूळ प्रत खराब झाली तरी डिस्कचा हिशेब पुन्हा लावता येतो.

असे साधन घडवणाऱ्याचा खरा कस मात्र प्रमाण ठरवताना लागतो. नेहमीच्या आखणीत दर १६ केबी जागेमागे २५६ बाइटांचा एक आयनोड राखला जातो, म्हणजे डिस्कचा चौसष्टावा भाग दप्तरातच जातो. २ टीबीच्या डिस्कवर हे ३१ जीबी, अर्थात वरील हिशेबाने साडेचार तासांचे निरीक्षण होय. दुर्बिणीच्या फाइली थोड्या पण अवाढव्य असल्याने दर ४ एमबीमागे एक आयनोड पुरतो आणि तेच दप्तर सुमारे १२२ एमबीत मावते. शिवाय प्रणालीचालकासाठी राखून ठेवलेला ५ टक्के भाग १०० जीबी, म्हणजे १४ तासांहून अधिक निरीक्षणाची जागा अडवतो. केवळ विदा वाहून नेणाऱ्या डिस्कवर ही राखीव जागा शून्य करणेच योग्य होय.

क्षेत्रखंडाचा, म्हणजे डिस्क एका वेळी वाचते-लिहिते त्या सर्वांत लहान तुकड्याचा आकार ५१२ बाइट आहे की ४०९६, हे साधनाने डिस्कलाच विचारावे, गृहीत धरू नये. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एकही बाइट लिहिण्यापूर्वी ती डिस्क वापरात जोडलेली तर नाही ना आणि तिच्यावर आधीच्या एखाद्या प्रणालीची खूण तर नाही ना, हे तपासून साधनाने थांबले पाहिजे, कारण चुकीच्या डिस्कचे नाव टाइप होण्यास एका अक्षराचा फरक पुरतो. काम सुरू होताच जुनी खूण पुसावी आणि नवा महाखंड सर्वांत शेवटी लिहावा, म्हणजे मध्येच वीज गेली तर अर्धवट आखलेली डिस्क पूर्ण झाल्याचा आभास निर्माण होणार नाही आणि तिच्यावर कोणी रात्रभराची विदा उतरवणार नाही.