विश्लेषण : राखीव कॅचरचे भवितव्य सराव शिबिरात कसे ठरते?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या ३० संघांची सराव शिबिरे दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतात. ‘स्प्रिंग ट्रेनिंग’ या नावाने ती ओळखली जातात. मोठ्या ताऱ्यांसाठी हे दिवस अंग मोकळे करण्याचे असतात. राखीव खेळाडूंसाठी मात्र वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न याच सहा आठवड्यांत सुटतो. गंमत म्हणजे, त्याचे उत्तर मैदानातील कामगिरीपेक्षा कागदावरील नियमांत अधिक दडलेले असते. एरिक क्रॅट्झ या कॅचरची २०१९ मधील कहाणी त्याचे बोलके उदाहरण आहे.

स्प्रिंग ट्रेनिंगचे स्वरूप काय?

१५ संघ ॲरिझोनात आणि १५ फ्लोरिडात सराव करतात. ॲरिझोनातील सामन्यांना ‘कॅक्टस लीग’, तर फ्लोरिडातील सामन्यांना ‘ग्रेपफ्रूट लीग’ म्हणतात. या सामन्यांचे निकाल मुख्य हंगामात धरले जात नाहीत. चेंडू फेकणारे पिचर आणि तो झेलणारे कॅचर इतरांच्या आधी शिबिरात दाखल होतात. कॅचर म्हणजे ढोबळमानाने बेसबॉलचा यष्टिरक्षक. एवढ्या पिचरचे चेंडू झेलायला माणसे लागतात, म्हणून संघ अर्धा डझन किंवा त्याहून अधिक कॅचर बोलावतात. हंगामात जागा मात्र बहुधा दोघांनाच मिळते. बाकीचे येतात ते ही आकडेमोड ठाऊक असूनही.

क्रॅट्झचे काय झाले?

पेनसिल्व्हेनियाच्या क्रॅट्झला २००२ मध्ये टोरांटो ब्लू जेजने निवडले, तेही २९ व्या फेरीत. मेजर लीगमधील पहिला सामना खेळायला त्याला जुलै २०१० उजाडला. तेव्हा तो ३० वर्षांचा होता. पुढे एका संघातून दुसऱ्या संघात अशी त्याची भटकंती सुरूच राहिली. २०१८ मध्ये मिलवॉकी ब्रूअर्सकडून, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो प्रथमच बाद फेरीत खेळला. कोलोरॅडो रॉकीजविरुद्धच्या मालिकेत त्याने आठपैकी पाच वेळा ‘हिट’ मिळवल्या आणि चाहत्यांचा लाडका झाला.

पण हिवाळ्यात ब्रूअर्सनी यास्मानी ग्रँडाल हा नावाजलेला कॅचर आणला. मॅनी पिन्या आधीपासून होताच. फेब्रुवारीत शिबिर सुरू झाले तेव्हा क्रॅट्झ तिसऱ्या क्रमांकावर होता. हंगामाला अवघे काही दिवस उरले असताना ब्रूअर्सनी त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे धाडले. दोन्ही संघांची शिबिरे फिनिक्स परिसरातच. बॅग उचलून शेजारच्या गावात जावे, इतकेच अंतर.

नियमांनी घात कसा केला?

संघाकडे ४० जणांची मोठी यादी असते. त्यातून प्रत्यक्ष खेळणारे २६ निवडले जातात (२०१९ मध्ये ही संख्या २५ होती). ४० च्या यादीतील खेळाडूला साधारण तीन हंगामांत खालच्या लीगमध्ये पाठवता येते. या सवलतीला ‘ऑप्शन’ म्हणतात. ती संपली, की त्याला खाली पाठवण्याआधी इतर सर्व संघांपुढे ठेवावे लागते आणि कोणीही त्याला उचलू शकते. ब्रूअर्सचा तरुण कॅचर जेकब नॉटिंगहॅम याचे ‘ऑप्शन’ शिल्लक होते. त्यामुळे त्याला विनासायास खाली ठेवता आले. क्रॅट्झचे कधीच संपले होते. अशा खेळाडूला संघात ठेवायचे किंवा सोडायचे, मधला मार्ग जवळपास उरत नाही.

पणाला काय लागते?

पैसा आणि म्हातारपणाची सोय. २०२६ साठी मेजर लीगचे किमान वेतन ७ लाख ८० हजार डॉलर आहे. त्याखालच्या ‘ट्रिपल-ए’ स्तरावर २०२३ च्या करारात किमान वेतन ठरले ते वर्षाला ३५ हजार ८०० डॉलर. शिबिराच्या काळात मेजर लीगच्या खेळाडूंना भत्ता मिळतो, पगार हंगामासोबत सुरू होतो. मेजर लीगमध्ये ४३ दिवस भरले, की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो आणि १७२ दिवसांचे सेवेचे एक वर्ष धरले जाते. काठावरच्या खेळाडूला म्हणूनच एकेक दिवस मोलाचा.

आवडत्या राखीव खेळाडूवर नजर कशी ठेवावी?

त्याने किती धावा केल्या, याला फार महत्त्व देऊ नये. समोरचा पिचरही कधी कधी नवा चेंडू घासून पाहत असतो. तो सामन्यात कधी उतरतो, हे पाहावे. मुख्य खेळाडू साधारण पाचव्या-सहाव्या डावानंतर बाहेर पडतात आणि मग राखीवांची पाळी येते. मार्चच्या उत्तरार्धात तो सुरुवातीपासून खेळू लागला, तर आशेला जागा आहे. संघाचा प्रमुख पिचर त्याच्याकडे चेंडू फेकत असेल, तर ती आणखी चांगली खूण. त्याचे ‘ऑप्शन’ उरले आहेत का आणि तो ४० च्या यादीत आहे का, ही दोन उत्तरे मात्र सर्वात आधी शोधावीत.

हा प्रवास कुठे संपतो?

जायंट्सच्या त्याच शिबिरात स्टीफन व्होट होता. दोनदा ऑल-स्टार ठरलेला हा कॅचर खांद्याच्या दुखापतीमुळे २०१८ चा पूर्ण हंगाम मुकला होता आणि खालच्या लीगच्या करारावर आला होता. हंगामाच्या सुरुवातीला जागा क्रॅट्झला मिळाली, व्होट खाली गेला. मेच्या सुरुवातीला व्होट वर आला आणि त्याच महिन्यात क्रॅट्झला जायंट्स सोडावे लागले. २०२० च्या हंगामानंतर क्रॅट्झ निवृत्त झाला. व्होट २०२४ पासून क्लीव्हलँड गार्डियन्सचा व्यवस्थापक आहे आणि पहिल्याच वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम व्यवस्थापक ठरला.

बाकावर बसून सामना वाचणाऱ्यांच्या वाट्याला अनेकदा हे दुसरे आयुष्य येते. किरण मोरे यांच्या काळात भारताकडून मोजक्याच कसोटी खेळलेले मुंबईचे चंद्रकांत पंडित पुढे विदर्भाला आणि मध्य प्रदेशला रणजी करंडक जिंकून देणारे प्रशिक्षक झाले, ते आपल्याला ठाऊक आहेच. पण शिबिराच्या शेवटच्या आठवड्यात कोणाही राखीव खेळाडूच्या डोक्यात एवढ्या पुढचा विचार नसतो. व्यवस्थापकाच्या खोलीतून आज बोलावणे येऊ नये, एवढीच त्याची इच्छा असते.