खरखरीचा चोर

मेढ्यास आमचे घरीं नातवाचा हौशी रेडिओ व सूनबाईंचा संगणक एकाच भिंतीशीं आहेत. संगणक चालू होतांच ७ मेगाहर्ट्झवरील क्षीण आवाज खरखरींत बुडे, आणि घरांत कुरबूर होई. २००१ सालीं कच्छच्या भूकंपांत हौशी मंडळींनीं रेडिओवरूनच निरोप पोंचविले, हें ध्यानीं घेतां ही खरखर क्षुल्लक नव्हे.

प्रथम रेडिओ बॅटरीवर चालवून घरांतील एकेक उपकरण बंद करावें, चोर सांपडतो. बहुधा तो संगणकाचा वीजपुरवठा असतो. त्यांतील प्रवाह सेकंदास हजारों वेळां तुटतो-जुळतो, आणि बाहेरची तार एरियलचें काम करते. त्या तारेचे पांच-सात वेढे फेराइटच्या कड्यांतून घ्यावे. रेडिओचें एरियल घरापासून दूर न्यावें. आमची कुरबूर एवढ्यानेंच मिटली.