शून्याचं क्रमगुणित एक का?

शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं: पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, शर आणि चाप. हातांतली आयुधं अदलून-बदलून दिली, तर मूर्तीची रूपं किती होतील? ‘लीलावती’च्या अंकपाश प्रकरणात, ११५०च्या सुमारास, भास्कराचार्यांनी हे विचारलं आहे. पहिल्या हाताला दहा पर्याय, दुसऱ्याला उरलेले नऊ, तिसऱ्याला आठ. गुणत खाली एकपर्यंत आलं की ३६,२८,८०० रूपं. हरीच्या गदा, चक्र, कमळ, शंखाची रूपं २४.

हेच आपलं १०! आणि ४!, म्हणजे दहाचं आणि चारचं क्रमगुणित. हे उद्गारचिन्ह गणिती क्रिस्तियान क्रांप यांनी १८०८ मध्ये वापरात आणलं. हिशेब मात्र त्याआधी कित्येक शतकं आपल्याकडे शिकवला जात होता. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ स्थापन केला.

भास्कराचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. अंक सारखे असले तर? २, २, १, १ घेऊन पाहा: २२११, २१२१, २११२, १२२१, १२१२, ११२२. चोवीस नव्हे, सहाच. दोन दुव्यांची आपापसातली अदलाबदल डोळ्यांना दिसत नाही, दोन एक्क्यांचीही नाही. म्हणून २४ला २!नं आणि पुन्हा २!नं भागायचं.

आता शून्याकडे. वर्गात ०! = १ हे ‘लक्षात ठेवा’ म्हणून फळ्यावर लिहिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. पाठ करण्यासारखं त्यात काही नाहीच. ४! म्हणजे २४. चारनं भागा, ३! मिळालं, सहा. तीननं भागा, दोन. दोननं भागा, १! म्हणजे एक. आता एकनं भागा. एकच उरला, आणि आपण ०!वर येऊन पोचलो. मूर्तीच्या भाषेत सांगायचं तर हातही नाहीत आणि आयुधंही नाहीत, तेव्हा मांडणी एकच: काहीच न देण्याची.

आणखी एक पायरी उतरायला जावं, तर शून्यानं भागावं लागतं. तिथे वाट बंद. उणे एकचं क्रमगुणित अस्तित्वात नाही, ते याच जिन्यामुळे.

पण दोन पायऱ्यांच्या मधे? अर्धा हात, अर्धं आयुध याला अर्थ नाही, तरी गणिती ऑयलरनं १७२९ मध्ये दुसरा गणिती गोल्डबाख याला लिहिलेल्या पत्रात क्रमगुणिताचा नियम अपूर्णांकांपर्यंत नेला. ०! एक, १! एक; मधल्या अर्ध्याची किंमतही एकच असेल असं वाटतं. ती निघते ०.८८६च्या आसपास, नेमकी म्हणजे π च्या वर्गमुळाच्या निम्मी. आयुधं मोजता मोजता आपण वर्तुळापाशी आलो.