पैठणच्या नावावरची तिरकी रेघ

छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणचं नाव एका जुन्या ग्रीक पुस्तकात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे खलाशी-व्यापाऱ्यांच्या कामाचं पुस्तक. त्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर ‘पैथाना’ भेटतं आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर.

आजच्या छापील ग्रीक पाठात या नावाची अक्षरं सात. तिसरं आयोटा. त्याच्या डोक्यावर एक तिरकी रेघ, स्वराघाताची खूण. पहिल्या शतकात नेहमीच्या लिखाणात अशा खुणा नसतच. ‘पेरिप्लस’ची मुख्य हस्तलिखित प्रत दहाव्या शतकातली, हायडेलबर्गला जपलेली, तोवर खुणा घालायची रीत पक्की झाली होती.

पानावर ही रेघ निमूट बसते. संगणकात मात्र तिचे तीन अवतार आहेत. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी सामायिक यादी म्हणजे युनिकोड; त्यात रेघेसह आयोटाचा क्रमांक ९४३. तसाच दिसणारा दुसरा ८०५५. शिवाय साधा आयोटा ९५३ आणि त्याच्यामागे सुटी रेघ ७६९, अशी जोडीही चालते. घोळ ग्रीसमधलाच. तिथे १९८२ साली नाना खुणांची जुनी पद्धत मोडून स्वराघाताची एकच खूण ठेवली. नव्या लिखाणाची अक्षरं संगणकात एका कप्प्यात गेली, प्राचीन ग्रंथांसाठी खुणांसह २३३ अक्षरांचा वेगळा कप्पा झाला, आणि तीच रेघ दोन्हीकडे आली. मग युनिकोडनेच सांगून ठेवलं की हे तिन्ही एकच समजायचे. शोध घेण्याआधी तिन्ही रूपं एका साच्यात आणली की पैथाना सापडतं.

आपल्या ‘ॲ’ला ही सवलत नाही, आणि ते मला वकिलांमुळे कळलं.

छत्रपती संभाजीनगरात १९८१पासून उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, त्यामुळे गल्लोगल्ली ‘ॲड.’च्या पाट्या. माझ्या फोनमध्येही तसे सात-आठ क्रमांक. एकदा घाईत ‘ॲड.’ टाइप करून शोधलं, तर तिघेच आले. बाकीचे यादीत होते, पण वेगळे लिहिलेले. काहींचा ‘ॲ’ एकसंध, क्रमांक २४१८. काहींचा ‘अ’वर चंद्र चढवलेला, २३०९ आणि २३७३. एकाचा तर हिंदी वळणाचा ‘ऍ’, २३१७. तो निदान डोळ्यांना निराळा दिसतो. पहिले दोन बहुतेक फॉन्टमध्ये हुबेहूब जुळे.

एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला तो २००८ साली. महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयात त्याला जागा मिळाली २००९ साली. तोवर लोकांनी चंद्र चढवून काम भागवलं होतं, आणि ते लिखाण तसंच राहिलं. ग्रीकमध्ये तिन्ही रूपं एक मानायचा जो नियम आहे, तो इथे केलेलाच नाही. म्हणजे युनिकोडच्या लेखी ‘ॲ’ आणि चंद्रवाला ‘अ’ एकच नाहीत.

‘दऱ्या’चीही तीच कथा. त्यातला अर्धा र काही ठिकाणी ‘ऱ’ला हलन्त लावून होतो, काही ठिकाणी साध्या ‘र’ला हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला एकच, आत दोन. आणि जोडचिन्ह कुठे गळून पडलं, तर वेरूळच्या दऱ्यांचा एका क्षणात दर्या होतो!

शोधयंत्रं हल्ली आपापल्या हुशारीने हे फरक बऱ्याचदा झाकून नेतात. फोनमधली यादी, एखाद्या कचेरीतलं एक्सेल, मतदारांची नावं तेवढी हुशार असतीलच असं नाही.

मी माझ्यापुरता मार्ग काढला. ते सगळे क्रमांक आता ‘वकील’ या शब्दाखाली ठेवले आहेत.