'त्याला काय कळतंय?' : बौद्धिक दिव्यांगांविषयीचे सात गैरसमज

बौद्धिक दिव्यांग माणसाबद्दलचे बहुतेक निर्णय आपल्याकडे एकाच वाक्यावर उरकले जातात. 'त्याला काय कळतंय?' आजोबा वारले तरी त्याला सांगायचं नाही, कारण त्याला काय कळतंय. दाढ दुखतेय का हे विचारायचं नाही, वाटणीच्या कागदावर त्याचं नाव घालायचं नाही, कुणी अंगाला हात लावला तरी ठाण्यात जायचं नाही. कारण तेच.

२०११च्या जनगणनेत देशात अशा १५ लाखांहून जास्त व्यक्तींची नोंद झाली. मुंबई-पुण्यात विशेष शिक्षक आणि मानसोपचारतज्ज्ञ हाताशी असतात. धाराशिव जिल्ह्यात भूम, परंडा, लोहाऱ्याच्या एखाद्या वस्तीवरच्या आईला मात्र सल्ला मिळतो तो शेजारपाजाऱ्यांचा आणि पाहुण्यारावळ्यांचा. त्या सल्ल्यांत खरं किती आणि ऐकीव किती, हे एकदा तपासून घेऊ.

गैरसमज १ : हा वेडाचाच प्रकार आहे

वस्तुस्थिती : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बौद्धिक दिव्यांगत्व जन्मतः किंवा बालपणात येतं. शिकणं, समजून घेणं, पैशाचा हिशेब, एकट्याने प्रवास अशा गोष्टी त्या मुलाला उशिरा जमतात आणि काही जमत नाहीत. तो आजार नाही, म्हणून तो 'बरा करणारी' गोळीही नाही. उपयोगी पडतं ते शिक्षण, सराव आणि आधार. मानसिक आजार कुणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर उपचार असतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगत्व स्पष्टपणे वगळलं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही दोन्ही स्वतंत्र मोजले आहेत.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही, ही तक्रार रास्तच आहे. पण बौद्धिक दिव्यांग मुलाची पहिली गरज मनोरुग्णालय नाही. अंगणवाडीच्या वयातच अडचण ओळखणारं कुणीतरी आणि नंतर चांगला विशेष शिक्षक, ही त्याची खरी गरज आहे.

गैरसमज २ : याला टेन्शन कसलं? हा तर सुखी जीव

वस्तुस्थिती : उदासीनता, भीती, चिंता हे त्रास बौद्धिक दिव्यांगांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. पारावरची टिंगल, मित्र नसणं, चार भिंतींत कोंडलेला दिवस आणि कशातच आपलं कुणी न ऐकणं, यांनी कुणाचंही मन खचेल.

फरक इतकाच, की 'मला उदास वाटतंय' हे त्याला शब्दांत सांगता येत नाही. तो जेवण सोडतो, रात्र रात्र जागतो, स्वतःचाच हात चावतो, भांडी फेकतो. आधी स्वतः आंघोळ करणारा मुलगा ते विसरून जातो. घरचे म्हणतात, 'याचं असंच असतं.' कित्येकदा डॉक्टरही तेच म्हणतात आणि खरं दुखणं दिव्यांगत्वाच्या नावाखाली झाकून जातं.

वागणं अचानक बदललं, तर आधी शरीर तपासायचं. किडलेली दाढ, फुटलेला कान, बद्धकोष्ठता, पाळीतली पोटदुखी, फिट्स यांपैकी काहीही मुळाशी असू शकतं. मग घरात काय बदललं ते आठवायचं. कळंब, भूम, वाशी या पट्ट्यातली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. मूल आजीजवळ राहिलं तर आई-बाप एकाएकी नाहीसे होतात, सोबत नेलं तर शाळा, घर आणि रोजचा क्रम सुटतो. हा बदल कुणी त्याला समजावून सांगत नाही.

यावर मानसोपचार होतात आणि त्यांचा उपयोगही होतो. छोटी वाक्यं, चित्रं, दिवसाचं ठरलेलं वेळापत्रक, एका वेळी एकच सूचना, ही त्यांची साधनं. घरात मृत्यू झाला, तर 'आजोबा गावाला गेले' असं सांगू नये. 'आजोबा वारले, आता परत येणार नाहीत' असं स्पष्ट सांगावं, अंत्यदर्शन घेऊ द्यावं. औषध लागतं ते आजाराचं निदान झाल्यावर. नुसतं गप्प बसवण्यासाठी गुंगीच्या गोळ्या देणं, याला उपचार म्हणत नाहीत.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये राज्याने 'प्रेरणा प्रकल्प' आणला. त्यात धाराशिवही होतं आणि आशा कार्यकर्त्यांनी घरोघर मनाची विचारपूस करावी, अशी त्याची रचना होती. तीच विचारपूस त्या घरातल्या बौद्धिक दिव्यांग माणसाचीही व्हायला हवी.

गैरसमज ३ : बाहेरची बाधा आहे, लगीन केलं की सुधरंल

वस्तुस्थिती : ग्रहणात भाजी चिरली किंवा मागच्या जन्मीचं पाप भोवलं म्हणून असं मूल होत नाही. डाउन सिंड्रोममध्ये पेशीतल्या २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. बाळ जन्मल्यावर उशिरा रडणं, म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी मिळणं, फार आधी जन्मणं, थायरॉइडची जन्मजात कमतरता, मेंदूज्वर ही इतर कारणं. मामाच्या मुलीशी किंवा भाचीशी लग्नाची आपल्याकडे जुनी रीत आहे. अशा जवळच्या नात्यात काही आनुवंशिक दोष अपत्यात उतरण्याची शक्यता वाढते. अनेकदा नेमकं कारण सापडतच नाही. त्यात आईचा दोष नसतो, आणि तरीही बोल तिलाच लावला जातो.

देवाला नवस बोलण्याला कुणाची हरकत नाही. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचं भासवून तिच्यावर धंदा करणं, हेही याच कायद्याच्या अनुसूचीत नमूद आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

लग्नाने बुद्धीची वाढ होत नाही. खरी परिस्थिती लपवून लावलेल्या लग्नात दोन आयुष्यं भरडली जातात.

गैरसमज ४ : वय तिशीचं असलं तरी तो चार वर्षांचं लेकरूच

वस्तुस्थिती : 'मानसिक वय' हा चाचणीतला एक आकडा आहे. तिशीतल्या माणसाकडे तीस वर्षांचा अनुभव, आवडीनिवडी आणि तरुण शरीर असतं. सर्वोच्च न्यायालयासमोर २०१७ मध्ये दिल्लीचं एक प्रकरण आलं होतं. पीडितेचं वय ३८ होतं, 'मानसिक वय' सहा ते आठ वर्षांचं सांगितलं जात होतं. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यातलं वय म्हणजे जन्मतारखेचंच वय, असा निकाल न्यायालयाने दिला.

घरात याचा अर्थ साधा आहे. मोठ्या मुलाला चारचौघांत कपडे बदलायला लावू नये. चांगला-वाईट स्पर्श, 'नको' म्हणणं, दार लावून घेणं हे शिकवावं. 'लेकरू' समजून हे शिकवलं नाही, तर तो फसवणाऱ्याच्या हाती अलगद सापडतो.

गैरसमज ५ : पाळीची कटकट नको, पिशवी काढून टाकलेली बरी

वस्तुस्थिती : फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीत स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. देशभर वाद झाला तो यावर, की संस्थेला होणारा त्रास वाचवण्यासाठी मुलीच्या शरीराचा अवयव काढायचा का.

आजचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्तीला वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्या स्वतःच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही, असं २०१६च्या कायद्याचं कलम १० सांगतं. २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या मर्जीविरुद्ध गर्भपात करायला नकार दिला होता. दिव्यांग स्त्रीचा संमतीविना गर्भपात करणाऱ्याला आता २०१६च्याच कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. अपवाद फक्त तीव्र दिव्यांगत्वाचा, आणि तिथेही डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती लागते.

पिशवी काढल्याने अत्याचार थांबत नाही, गर्भ राहत नसल्याने उलट तो लपतो. पॅड बदलणं मात्र टप्प्याटप्प्याने शिकवता येतं. आधी बाहुलीवर, मग कपड्यावर, मग स्वतःवर. वेळ लागतो, पण कितीतरी मुली शिकतात.

गैरसमज ६ : तिची साक्ष कोण धरणार?

वस्तुस्थिती : प्रश्न समजून त्याचं उत्तर देता येणारी कोणतीही व्यक्ती साक्षीदार होऊ शकते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात दिव्यांग पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या ठिकाणी, विशेष शिक्षकाच्या मदतीने नोंदवण्याची तरतूद आहे. अल्पवयीन मुलाच्या दिव्यांगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार पॉक्सोखाली अधिक गंभीर गुन्हा ठरतो. छळ होतोय अशी माहिती असलेला कुणीही, अगदी शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना म्हणजे तहसीलदारांनाही कळवू शकतो. मुलावरच्या अत्याचाराची माहिती सद्भावनेने देणाऱ्यावर पॉक्सोखाली कारवाई होत नाही.

गैरसमज ७ : सही आम्हीच करतो, वाट्याचा प्रश्नच नाही

वस्तुस्थिती : आजार किंवा व्यंग असल्याने कुणाचा वारसाहक्क जात नाही, हे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८मध्येच लिहिलं आहे. मतदानाचा हक्कही नुसत्या दिव्यांगत्वाने जात नाही, त्यासाठी सक्षम न्यायालयाने तसं जाहीर करावं लागतं.

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. २०१६च्या कायद्याने 'मर्यादित पालकत्वा'ची कल्पना आणली. ठरावीक कामासाठी, ठरावीक काळासाठी आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घ्यायचा. पालक झाल्याने तिच्या मालमत्तेचे आपण मालक होत नाही.

आता करायचं काय?

पहिलं, दाखला. चाळीस टक्के दिव्यांगत्व असलं की कायद्यातले बहुतेक लाभ मिळतात आणि सौम्य बौद्धिक दिव्यांगत्वही पन्नास टक्के धरलं जातं. म्हणून 'आमचं एवढं काही नाही' म्हणून थांबू नका, जिल्हा रुग्णालयात तपासणी करून वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, काढून घ्या. दुसरं, शाळा. सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण हा त्या मुलाचा हक्क आहे. तिसरं, मनाची काळजी. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि थकलेल्या आई-वडिलांनीही तो फिरवायला हवा.

ज्यांना कुणीच नाही, त्यांच्यासाठी धाराशिवजवळ आळणीला 'स्वआधार' हा मतिमंद मुलींचा निवासी प्रकल्प आहे, तशा संस्था लागतातच. घर असलेल्याची जागा मात्र घरात आणि गावात आहे.

यातल्या कोणत्याही कायद्याआधी करता येण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला खर्च नाही. आपल्या ओळखीच्या घरात असं कुणी असेल, तर पुढच्या वेळी आईला 'हा कसा आहे?' असं विचारू नका. त्यालाच विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.