‘बघू का रे?’ला नीट उत्तर द्या!

सोमवार, ऑफिसचं कँटीन, डबे उघडलेले. ‘वीकेंडला काय पाहिलंस?’पासून सुरुवात होते आणि भाजी-पोळी संपेस्तोवर एखाद्या पिक्चरची पार चिरफाड होते. २०१५मध्ये थिएटरला लागलेला ‘कोर्ट’ आठवतोय? चैतन्य ताम्हाणेचा, राष्ट्रीय पुरस्कारवाला. त्यावर अजून दोन तट पडतात. ‘अरे, काही घडतच नाही त्यात!’ असं एकाने म्हणायचं, की दुसरा तापलाच. त्यातली सरकारी वकीलबाई खटला आटोपून लोकलने घरी जाते, स्वयंपाकाला लागते. म्हणजे आपल्यासारखीच की! हे ‘घडणं’ नाही तर काय?

असं भांडण झालेलं बरं. वाईट काय, तर खांदे उडवून म्हटलेलं ‘ठीक आहे’. तेवढ्यावर कोण तिकीट काढणार?

मराठी पिक्चरकडे जाहिरातीला पैसा कमीच. २०२३च्या ‘बाईपण भारी देवा’ला मात्र बायका नटूनथटून, ग्रुपच्या ग्रुपने गेल्या आणि येऊन शेजारणीला सांगितलं. मल्टिप्लेक्सवाले पहिल्या वीकेंडची गर्दी बघून पुढचे शो ठरवतात. म्हणजे तुमचं सोमवारचं मत जरा उशिराच येतं. शुक्रवारी रात्रीच फोन फिरवा. फक्त शेवट फोडू नका, प्लीज!